आठ दसऱ्यांच्या रंगाखालचा बाण

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हिंमतराव धुमाळ यांनी दीड फुटी स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लोअरच्या बेअरिंगवर टेकवलं आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावली. डोळे मिटले नाहीत. डोळे मिटून ऐकणारा मेकॅनिक नाटक करतो, असं त्यांचं मत आहे. शिवाय डोळे मिटले की आजूबाजूला कोण काय करतंय ते दिसत नाही.

बुधवार, ३ नोव्हेंबर २००४. मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत काळमेघ यांचा मसाल्याचा कारखाना आहे. खाली दळण, वर पॅकिंग, चौदा बायका, सहा पुरुष. दिवाळी नऊ दिवसांवर होती आणि दळणाच्या खोलीत उभं राहवत नव्हतं. पल्व्हरायझर, म्हणजे मिरची दळायचं मशीन, चालू झालं की जी बारीक पूड उडते ती ब्लोअरने खेचून घ्यायची, वाटेतल्या कापडी पिशव्यांत अडकवायची आणि स्वच्छ हवा छपरावरून सोडायची, अशी व्यवस्था. दहा दिवसांपासून पूड खोलीतच राहत होती. बायका तोंडाला ओल्या ओढण्या बांधून काम करत होत्या. दोघी डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. शुक्रवारी, परवा, माल परदेशी पाठवणाऱ्या कंपनीचा तपासनीस येणार होता.

हिंमतरावांच्या आधी तीन मेकॅनिक येऊन गेले होते. पहिल्याला सांगितलं, "पट्टा घसरत असेल." त्याने पट्टे बदलले. दुसऱ्याला सांगितलं, "पिशव्या तुंबल्या असतील." त्याने पिशव्या बदलल्या. तिसऱ्याला सांगितलं, "मोटर गरम होते, बेअरिंग जाम असेल." त्याने बेअरिंग बदलली. तिघांनीही जे ऐकलं ते दुरुस्त केलं.

हिंमतराव आल्यावर कोणी काही सांगू लागलं की हात वर करतात. "आधी मला बघू द्या. मग सांगा." चहाही घेत नाहीत. काम संपेपर्यंत स्वतःच्या स्टीलच्या बाटलीतलं पाणी पितात. चहा देणाऱ्याचं म्हणणं जरा जास्त खरं वाटायला लागतं, असा अनुभव.

बेअरिंगचा आवाज साफ होता. पट्ट्यांना अंगठ्याने दाबून पाहिलं, ताण योग्य. पिशव्या नव्या. झडप पूर्ण उघडी. मोटरच्या वायरीभोवती करंट मोजायचा टाँग टेस्टर लावला. मोटरवरच्या माहितीच्या पट्टीवर जास्तीत जास्त चौदा अँपिअर लिहिलं होतं, काटा सोळाच्या पुढे गेला. हवा निम्मी आणि मोटर जास्त ओढतेय. त्यांनी बटण दाबून ब्लोअर बंद केला आणि मोटरच्या मागच्या जाळीतून आतला छोटा पंखा थांबेपर्यंत पाहत राहिले. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला, पुन्हा पाहिलं. मग ब्लोअरच्या शंखासारख्या पत्र्यावरून बोट फिरवत गेले, जिथे शंख अरुंद आहे तिथपासून जिथे तो रुंद होऊन हवा बाहेर पडते तिथपर्यंत. बोट गेलं एका दिशेने. पंखा फिरत होता दुसऱ्या दिशेने.

ब्लोअर उलटा फिरत होता.

सात पस्तीसला त्यांनी खिशातली वही काढली. या वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ असते. डावीकडे 'पाहिलं', उजवीकडे 'सांगितलं'. डावीकडे त्यांनी लिहिलं: 'फिरण्याची दिशा उलटी. पत्र्यावर बाण नाही.' उजवी बाजू कोरी होती. अजून त्यांनी कोणालाच बोलू दिलं नव्हतं.

शुभंकर काळमेघ केबिनमध्ये वाट पाहत होता. वय सत्तावीस. बंगलोरला सॉफ्टवेअर कंपनीत दोन वर्षं काढून वडिलांच्या धंद्यात आलेला. आल्यावर त्याने हजेरीचा कॉम्प्युटर बसवला, दोन कॅमेरे बसवले आणि दसऱ्याच्या आधी नवं डिजिटल पॅनेल. टेबलावर एक पाकीट होतं, बंद न केलेलं.

"उलटा फिरतोय," हिंमतराव म्हणाले.

"म्हणजे?"

"तीन वायरींतल्या दोन अदलाबदल झाल्यात. दोन वायरी बदलल्या की मोटर उलटी फिरते."

शुभंकरने खुर्चीत पाठ टेकली. "म्हणजे कोणीतरी वायरी बदलल्या. मला हेच पाहिजे होतं. काका, रिपोर्टमध्ये एवढंच लिहा, की छेडछाड झालीय. तुम्ही फक्त कन्फर्म करा. कोणी केलंय ते आम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे तर मला कशाला बोलावलंत? त्या माणसालाच बोलवा. वायरी कुठल्या ते त्याला ठाऊक असणार."

शुभंकर हसला नाही. त्याने पाकिटातला कागद काढून समोर सरकवला. प्रेमला मेश्राम, पल्व्हरायझर ऑपरेटर, आठ वर्षं नोकरी. मशिनशी हेतुपुरस्सर छेडछाड केल्याबद्दल आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली तारीख टाकलेली, सहीची जागा मोकळी. तिला संध्याकाळी पाच वाजता केबिनमध्ये बोलावलं होतं. सोबत मेकॅनिकचा रिपोर्ट जोडायचा होता, म्हणून हिंमतराव.

"ऐका आता," शुभंकर म्हणाला. "नवं पॅनेल येणार म्हटल्यावर एकटी तीच बोलली, जुना स्टार्टर बरा होता म्हणून. खंडेनवमीला सगळा कारखाना पूजेला आला, ती नाही. ती कधीच येत नाही. पंचवीस तारखेला ती कामावर आली आणि त्याच दिवशी धुरळा सुरू झाला. आणि हे बघा." त्याने कॉम्प्युटरचा पडदा वळवला. पंचवीस तारखेच्या चित्रणात प्रेमला दिसत होती. सात बावन्नला ब्लोअरच्या मागे गेली, सव्वा आठला पुन्हा गेली. मागे काय केलं ते कॅमेऱ्याला दिसत नव्हतं.

हिंमतरावांनी उजवीकडे चार ओळी लिहिल्या.

"एक सांगा," शुभंकर म्हणाला, "उलटा फिरत असता तर हवा उलटी नसती का आली?"

"हा टेबलफॅन नाही. शंखातला पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडाने बाहेर पडते. फक्त कमी पडते. म्हणून तर फसायला होतं."

"कोणी फसलं नाहीये. केलंय."

"ते बघू," हिंमतराव म्हणाले आणि बाहेर आले.

हिंमतराव अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. वारज्यात एक बेडरूमचा फ्लॅट, बायको श्यामला, आणि ऐंशी सालापासूनच्या सत्तावीस वह्या. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका कारखान्यात ते एकोणतीस वर्षं ब्लोअर जोडत होते. २००० साली कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कोणाची होती, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या जागेवर आता काचेची इमारत आहे आणि तिच्या तळघरातली हवा बाहेर काढणारा ब्लोअर बिघडला की हिंमतरावांनाच फोन येतो. गेटवर त्यांचं नाव, गाडीचा नंबर आणि पिशवीतल्या हत्यारांची यादी लिहून घेतात. लिहून घेणारा सुरक्षारक्षक त्यांच्याच खात्यातला जुना फिटर आहे. दोघं एकमेकांना ओळखतात, तरी यादी पूर्ण होते. हिंमतरावांना त्यात काही वावगं वाटत नाही. पिशवीत काय आहे ते तपासल्याशिवाय कसं कळणार?

घरातही हेच. श्यामलाबाई सांगतात की गॅस संपला म्हटलं तर हे सिलिंडर उचलून पाहतात. "लग्न ठरवताना माझी पत्रिका त्यांनी तीन ठिकाणी दाखवली," त्या म्हणतात. "तिघांनी तीन सांगितलं, मग स्वतः येऊन मला बघून गेले."

वहीत रेघ १९८७ पासून आहे. त्याच्या आदल्या वर्षी भोसरीतल्या एका भट्टीच्या ब्लोअरची बेअरिंग गेली. ग्रीसमध्ये वाळू सापडली. साहेब म्हणाले, रामदास नावाच्या हेल्परने टाकली, वरिष्ठांवर राग होता. हिंमतरावांनी चौकशीच्या कागदावर लिहिलं, 'हेल्परने वाळू टाकली', आणि सही केली. स्वतःच्या वहीतही तेच उतरवलं. रामदास गेला. चौदा महिन्यांनी तीच बेअरिंग पुन्हा गेली, पुन्हा वाळू. या वेळी हिंमतराव दोन दिवस ब्लोअरपाशी बसले. शेजारच्या शेडमध्ये वाळूच्या फवाऱ्याने लोखंड साफ करायचे आणि वरची खिडकी फुटलेली होती. रामदासला शोधायला ते त्याच्या पिंपरीच्या खोलीवर गेले. खोलीत दुसरे भाडेकरू होते. त्या जुन्या ओळीवर त्यांनी काट मारलेली नाही. याविषयी कोणी विचारलं तर तारीख सांगतात आणि विषय बदलतात.

प्रेमला मेश्राम पल्व्हरायझरशेजारी स्टुलावर बसली होती. पंचेचाळिशीची, केस घट्ट बांधलेले, हातमोजे मांडीवर. मूळची भंडाऱ्याकडची, लग्न होऊन पुण्यात आली त्याला तेवीस वर्षं झाली. तिने हिंमतरावांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मालकाने बोलावलेला चौथा माणूस.

"तुम्ही पंचवीस तारखेला ब्लोअरच्या मागे दोनदा गेलात."

"गेली."

"कशाला?"

"आवाज वेगळा येत होता. आठ वर्षं ऐकते ना जी. आधी घूं असा यायचा, आता फडफड होती त्यात. म्हणून कुठून येते ते पाहायला गेली."

"कोणाला सांगितलंत?"

"नंदाताईंना सांगितलं, त्याच वेळी. त्या म्हणाल्या नवीन पॅनेल आहे, नवीन आवाज येणारच. आता विचारा त्यांना. म्हणतील, मला आठवत नाही."

नंदा वर पॅकिंगची सुपरवायझर होती. हिंमतरावांनी जिन्यावरून हाक मारून विचारलं. ती खाली न येताच म्हणाली, "इतकं लक्षात राहतं का हो? दिवाळीची गडबड आहे."

प्रेमलाने हिंमतरावांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही वाक्यं उजव्या बाजूला लिहिली, एकाखाली एक.

"पॅनेल उघडता येतं तुम्हाला?"

"येतं."

"मोटरच्या वायरी सोडता येतात?"

"येतात. जुन्या स्टार्टरमध्ये पाली शिरायच्या. चार-पाच वेळा मीच उघडून साफ केला. इलेक्ट्रिशियन यायला दोन दिवस लावतो, तोवर मिरची कोण दळणार?" तिने वहीकडे बोट केलं. "हे पण लिहा. तुम्हाला पाहिजे तेच सापडलं ना?"

हिंमतरावांनी लिहिलं. उत्तर तिच्या विरुद्ध जाणारं होतं आणि तिने ते न अडखळता दिलं होतं. निष्पाप माणूस असं बोलतो. फार हुशार माणूसही असंच बोलतो. वहीत याला जागा नव्हती.

"खंडेनवमीला कुठे होतात?"

"नागपूरला. दीक्षाभूमीवर. दर वर्षी जाते. एकोणीसला निघाली, चोवीसच्या रात्री परत."

"तिकीट आहे?"

"जाऊन आल्यावर तिकीट कोणी देव्हाऱ्यात ठेवते का?" ती म्हणाली. "हजेरीचं कॉम्प्युटर आहे त्यांचं. त्याला विचारा. तो तरी मेश्राम नाही."

हिंमतराव परत ब्लोअरकडे गेले. आता प्रश्न वायरींचा नव्हता, तारखेचा होता. पंचवीसनंतर वायरी बदलल्या असतील तर शुभंकरचं म्हणणं उभं राहत होतं. त्याआधी बदलल्या असतील तर पडत होतं. आणि वायरी कधी बदलल्या ते वायरींवर लिहिलेलं नसतं.

ब्लोअर हिरव्या ऑइल पेंटने चकचकीत रंगवलेला होता. पत्र्यावर हळदीकुंकवाची बोटं, पाइपाच्या वाकणाला वाळलेल्या झेंडूचं तोरण. पट्ट्यावरचं पत्र्याचं झाकणही हिरवं. हिंमतरावांनी त्याचे सहा बोल्ट सोडले, झाकण उतरवून उन्हात नेलं आणि उलटं ठेवलं.

आतल्या बाजूला हिरव्या रंगाचे शिंतोडे होते. चाळीसेक. प्रत्येक शिंतोड्याचं एक टोक गोल होतं आणि दुसऱ्या टोकाला बारीक शेपूट. सगळ्या शेपट्या एकाच दिशेला. भिजलेली छत्री गरकन फिरवली की थेंब जसे सुटतात, तसे ते सुटलेले होते. हिंमतराव परत आत गेले. पुलीच्या आऱ्यांवर रंगाचे ओघळ सुकलेले होते, कडेकडे ढकललेले, सगळे एकाच बाजूने. त्यांनी झाकण पुन्हा जागेवर धरून पाहिलं. शेपट्या उलट्या दिशेच्या होत्या. सुलट्या दिशेची एकही नव्हती.

म्हणजे पुलीवरचा रंग ओला असताना ब्लोअर चालला होता आणि तेव्हाच उलटा चालला होता.

त्यांनी पिशवीतून पात्याची खरवडणी काढली आणि शंखाच्या वरच्या भागावर, जिथे बनवणारे बाण काढतात तिथे, हळूहळू रंग खरवडायला सुरुवात केली. हिरवा. त्याखाली निळा. मग राखाडी, पुन्हा हिरवा, भगव्यासारखा एक, निळा, हिरवा, राखाडी. आठ थर. कारखाना १९९६ सालच्या दसऱ्यानंतर सुरू झाला होता आणि मालक रंगराव काळमेघ यांचा नेम होता की खंडेनवमीच्या पूजेआधी प्रत्येक मशिनला नवा रंग लागलाच पाहिजे. रंगाशिवाय पूजा नाही. आठव्या थराखाली पांढरा बाण निघाला. पहिल्याच दसऱ्याला तो बुजला होता. आठ वर्षं मोटरच्या वायरींची जागा कोणी बदलली नाही, म्हणून कोणाला त्याची गरज पडली नाही.

डावीकडची बाजू भरत आली.

"फोटो आहेत का पूजेचे?" त्यांनी केबिनमध्ये जाऊन विचारलं.

शुभंकरकडे डिजिटल कॅमेरा होता. कॉम्प्युटरवर फोटो उघडले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ. २१ ऑक्टोबर, अकरा वाजून वीस मिनिटं: शुभंकर, कपाळावर टिळा, पॅनेलचं हिरवं बटण दाबताना. मागे ब्लोअर, त्याला अडकवलेला पुठ्ठा. हिंमतरावांनी तो मोठा करायला सांगितला. पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं होतं, 'रंग ओला आहे'.

"रंगारी कधी आला होता?"

"सकाळी. आदल्या रात्री पॅनेलचं काम चाललं होतं ना. बाबा ऐकेनात, पूजेआधी रंग झालाच पाहिजे म्हणून."

"त्यानंतर ब्लोअर कधी चालला?"

"दहा मिनिटं चालवून बंद केला. मग पंचवीसपर्यंत कारखाना बंद. किल्ली बाबांकडे."

"ऑइल पेंट चार दिवस ओला राहतो का?"

हिंमतरावांनी शुभंकरला बाहेर आणलं आणि झाकण दाखवलं. शेपट्या दाखवल्या. मग बाण दाखवला. शुभंकर उकिडवा बसून बराच वेळ झाकणाकडे पाहत होता.

"पण हवा आली होती. दिग्विजयने रुमाल धरून दाखवला. पाइपाने ओढून घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

दिग्विजय म्हणजे पॅनेल बसवणारा इलेक्ट्रिशियन. त्याला मोबाइल लावला. शुभंकरने स्पीकर चालू केला.

"वायरी जोडताना फिरण्याची दिशा बघितली होती का?" हिंमतरावांनी विचारलं.

"काका, बाण कुठंय त्याच्यावर? बाणच नाही. मग ट्रायल घेतली, रुमाल ओढला, ओके. सरांनी स्वतः बघितलं. विचारा ना सरांना."

"सर इथेच आहेत."

"मग सर सांगतीलच," दिग्विजय म्हणाला आणि त्याला दुसरा फोन आला.

शुभंकर तरीही सोडेना. "ठीक आहे. समजा तेव्हापासून उलटा. पण तिने नंतर काही केलंच नाही, हे कशावरून?"

"काय करायचं राहिलं होतं? आधीच उलटा होता. आणखी एकदा बदललं असतं तर सुलटा झाला असता. तुम्ही तिला बक्षीस दिलं असतंत." हिंमतराव वही मिटत म्हणाले. "तिची रजा काढा कॉम्प्युटरवर."

कॉम्प्युटरने १९ ते २४ ऑक्टोबर रजा दाखवली, शुभंकरच्याच मंजुरीने.

रंगराव काळमेघ दहा वाजता भुसार बाजारातल्या दुकानातून आले. अडुसष्ट वर्षांचे, पांढरा शर्ट, हातात मिरचीचा नमुना. त्यांनी उभ्यानेच रिपोर्ट वाचला. हिंमतरावांनी त्यात नऊ ओळी लिहिल्या होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे ती कुठे पाहिली ते. 'छेडछाड' हा शब्द नव्हता. 'चूक' हाही नव्हता.

रंगरावांनी खरवडलेला बाण पाहिला. बोटाने थर मोजले.

"पूजा आपली, रंग आपला," ते मुलाला म्हणाले, "आणि बटण तुझं."

"बाबा, शुक्रवारी इन्स्पेक्शन आहे. मी फक्त..."

"तू फक्त माणूस शोधत होतास. मला आधी विचारलं असतंस तर मीही तिचंच नाव घेतलं असतं, ते वेगळं." त्यांनी रिपोर्ट परत दिला. हे कबुलीसारखं होतं की हिशेबासारखं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

दोन वायरी बदलायला सहा मिनिटं लागली. पांढरा बाण हिंमतरावांनी पुन्हा रंगवला आणि त्याखाली लिहिलं, 'यावर रंग लावू नये'. मग प्रेमलाला हाक मारली.

"बटण तुम्ही दाबा."

"मी कशाला? त्यांचं मशीन आहे."

"आवाज तुम्हाला माहीत आहे. मला नाही."

तिने बटण दाबलं. ब्लोअर वेगात आला. तिने मान तिरकी केली, थोडा वेळ ऐकलं. "हां. हाच." पल्व्हरायझरमध्ये मिरची सोडली, पूड उडाली आणि पाइपाच्या तोंडाकडे सरकत आत गेली. टाँग टेस्टर तेरावर थांबला. वरून नंदाने वाकून पाहिलं आणि परत गेली. पाच मिनिटांनी ती चहाचे कप घेऊन खाली आली. प्रेमलासमोर एक ठेवला. प्रेमलाने तो उचलला नाही.

"आठवलं का काही, नंदाताई?" तिने विचारलं.

नंदा म्हणाली, "घरी लहान पोरं आहेत गं माझ्या." आणि ट्रे घेऊन गेली.

प्रेमला हिंमतरावांकडे वळली. "तुम्ही माझं बोलणं उजवीकडे लिहिलं. नंदाताईंचं पण उजवीकडेच. सारखंच झालं ना दोघींचं?"

"सारखंच. पाहिलं नव्हतं मी."

"आता?"

"अजूनही तिथेच आहे. डावीकडे फक्त रंग आहे." ते म्हणाले. "रंगावर काम झालं."

तिने ते आभार मानण्याजोगं मानलं नाही आणि त्यांनी तशी अपेक्षा केली नव्हती.

केबिनमध्ये पाकीट अजून टेबलावर होतं. शुभंकरने ते फाडलं नाही. ड्रॉवर उघडला, आत ठेवलं, ड्रॉवर लावला. हिंमतरावांनी ते पाहिलं. मग पिशवीतून छापील फॉर्म काढला. दुरुस्तीनंतरच्या चाचणीचा फॉर्म, जुन्या कारखान्यातला, त्यांनी स्वतः झेरॉक्स काढून ठेवलेला.

"सही करा इथे. नाही, इथे नाही. ही जागा ऑपरेटरची."

"मी मालक आहे, मी करतो ना."

"मालक मशीन चालवत नाही. ऑपरेटरने ऐकलं आणि सही केली, तरच मी दुरुस्ती झाली म्हणतो. दोन चाचण्या असतात. एक आज, एक उद्या, रात्रभर गार झालेल्या मशिनवर. दोन्हीवर सही एकाच माणसाची लागते. माणूस बदलला तर पहिली चाचणी रद्द, आणि शुक्रवारी तपासनिसाला दाखवायला माझा कागद नसेल."

शुभंकरने त्यांच्याकडे पाहिलं. हा नियम फॉर्मवर छापलेला आहे का, हे त्याने वाचून पाहिलं. तळाशी, बारीक अक्षरांत, होता. तो कारखान्याने छापला होता की झेरॉक्स काढताना हिंमतरावांनी चिकटवला होता, हे झेरॉक्सवरून सांगता येत नव्हतं.

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही," शुभंकर म्हणाला.

"कोणावरच नाही. मनाला लावून घेऊ नका."

रंगरावांनी पेन उचललं आणि ऑपरेटरच्या रकान्यात स्वतःच्या हाताने नाव लिहिलं. मग प्रेमलाला आत बोलावलं. तिने फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, सही केली आणि हातमोजे घालत बाहेर गेली. पाच वाजता केबिनमध्ये यायचं की नाही, हे तिने विचारलं नाही. कोणी सांगितलंही नाही.

हिंमतरावांनी अकरा वाजता चहा घेतला.

उद्या गुरुवार, ४ नोव्हेंबर. दळणाच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं आहे: गार मशिनवर दुसरी चाचणी, सकाळी साडेसात, ऑपरेटर प्रेमला मेश्राम.